सेप्सिस : अतिदक्षता विभागातील संशोधन आणि संमती

जंतुसंसर्गाशी लढताना शरीराची प्रतिकारयंत्रणा ताळतंत्र सोडते आणि मूत्रपिंड, फुप्फुस, यकृत, मेंदू यांसारखे अवयव निकामी होऊ लागतात. या जीवघेण्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. संसर्ग कुठलाही चालतो : न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा दाह, फुटलेले अपेंडिक्स, मधुमेही माणसाच्या पायाची चिघळलेली जखम. ‘इन्फेक्शन रक्तात गेलं’ असे घरोघरी म्हटले जाते. मात्र निम्म्याहून अधिक रुग्णांच्या रक्तात जंतू सापडतच नाहीत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख माणसे त्यात दगावली; म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंमागे जवळपास एक. भारतातल्या ३५ अतिदक्षता विभागांत झालेल्या एका पाहणीत तिथल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना सेप्सिस असल्याचे दिसले.

या नोंदीत इंदूरचा विचार मुद्दाम केला आहे. माळवा आणि निमाडातले गंभीर रुग्ण शेवटी इंदूरलाच येतात : धार, झाबुआ, खरगोन, देवास इथून रुग्णवाहिका निघते ती एमवाय, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालय, किंवा एखादे खाजगी रुग्णालय गाठायला. एमवायशी जोडलेले महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून आहे. होळकरांच्या काळापासून इथे राहिलेली मराठी कुटुंबेही याच रांगेत असतात. याहून मोठे कारण असे, की आजारी माणसावर प्रयोग करताना त्याला काय सांगायचे, कसे सांगायचे आणि तो दगावला तर कोणी भरपाई द्यायची, याबाबतचे आजचे भारतीय नियम ज्या खटल्यातून घडले तो इंदूरच्या संस्थेने लढवला.

व्याख्या आणि निदान

१९९१ च्या तज्ज्ञ परिषदेने ताप, नाडी, श्वसनाचा वेग आणि पांढऱ्या पेशी या चार खुणांवर सेप्सिसची व्याख्या बेतली. ती फार सैल होती. साध्या फ्लूचा रुग्णही तीत बसत असे. २०१६ च्या नव्या व्याख्येने भर अवयवांच्या बिघाडावर दिला. ‘सोफा’ या गुणपद्धतीत सहा अवयवसंस्थांना गुण दिले जातात आणि संसर्गामुळे हे गुण दोन किंवा अधिक वाढले तर सेप्सिस धरतात. पुरेसे सलाईन देऊनही सरासरी रक्तदाब ६५ च्या वर ठेवायला औषध लागत असेल आणि रक्तातले लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारा घटक) लिटरमागे २ मिलिमोलच्या वर असेल तर तो सेप्टिक शॉक; त्यातल्या मृत्यूंचे प्रमाण ४० टक्क्यांच्या पुढे जाते.

खाटेशेजारी करायची झटपट चाचणी म्हणून ‘क्यूसोफा’ आली : श्वास मिनिटाला २२ किंवा अधिक, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी, आणि भान हरपलेले. कागदावर सोपी. पण यातली पहिली मोजणीच वॉर्डात सर्वांत दुर्लक्षित असते. श्वास मोजायला घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर रुग्णाची छाती पाहावी लागते, आणि गर्दीच्या वॉर्डातल्या चार्टवर ओळीने सगळ्यांच्या नावापुढे २० हा आकडा दिसला तर तो मोजलेला नसून लिहिलेला आहे हे कोणाही अनुभवी परिचारिकेला कळते. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी केवळ क्यूसोफावर विसंबून राहू नये असे सांगितले आहे, कारण तिच्यातून बरेच रुग्ण निसटतात.

सलाईन किती द्यायचे?

सेप्सिसच्या संशोधनात सर्वांत बोधप्रद भाग हाच आहे. २००१ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या एका रुग्णालयात २६३ रुग्णांवर चाचणी झाली. पहिल्या सहा तासांत ठरावीक लक्ष्ये गाठेपर्यंत सलाईन, रक्त आणि औषधे देत राहायचे, अशी पद्धत. रुग्णालयातले मृत्यू ४६.५ टक्क्यांवरून ३०.५ टक्क्यांवर आले. जगभर ही पद्धत प्रमाण मानली गेली, मानेतल्या शिरेत नळी घालून मोजमापे सुरू झाली. मग २०१४ आणि २०१५ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि ब्रिटन इथे तीन मोठ्या चाचण्या झाल्या. तिन्हींचे उत्तर एकच : नेहमीच्या चांगल्या उपचारांपेक्षा या पद्धतीने कोणी जास्त वाचत नाही. मधल्या काळात ‘नेहमीचे उपचार’च सुधारले होते, अँटिबायोटिक लवकर मिळू लागले होते, हे त्याचे एक स्पष्टीकरण.

त्याहून मोठा धक्का आफ्रिकेतून आला. युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या ३,१४१ तापकरी, रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलांवरच्या ‘फीस्ट’ चाचणीत (२०११) काहींना भराभर सलाईन किंवा अल्ब्युमिन (रक्तातल्या प्रथिनाचे द्रावण) दिले, काहींना नाही. ४८ तासांत भराभर द्रव मिळालेल्यांपैकी सुमारे १०.५ टक्के मुले दगावली. न मिळालेल्यांपैकी ७.३ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०१७ मध्ये झांबियातल्या प्रौढ रुग्णांतही तसेच आढळले : आखून दिलेल्या पद्धतीने जास्त सलाईन मिळालेल्या गटात ४८.१ टक्के मृत्यू, नेहमीच्या उपचारांत ३३ टक्के. तिथले बहुसंख्य रुग्ण एचआयव्हीबाधित होते आणि फुप्फुसात पाणी भरल्यावर लावायला व्हेंटिलेटर क्वचितच उपलब्ध होता, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे दुसरीकडे लावता येत नाहीत.

इंदुरात हा वाद पुस्तकी राहत नाही. एका रस्त्यावर डेट्रॉइटच्या तोडीचा कॉर्पोरेट आयसीयू असतो आणि थोड्या अंतरावर एका खाटेवर दोन रुग्ण असलेला जनरल वॉर्ड. कुठली चाचणी कुणाला लागू, हे रुग्ण कुठल्या दारातून आत गेला यावर ठरते. त्यात सलाईनवरची लोकांची श्रद्धा. ‘एक बाटली लावा, म्हणजे तरतरी येईल’ हा आग्रह गल्लीतल्या दवाखान्यापासून सुरू होतो, आणि मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत रुग्णाच्या अंगात किती पाणी गेले याची नोंद कुणाकडेच नसते. मार्गदर्शक तत्त्वांत पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिलिलिटर हा आकडा अजून आहे, पण २०२१ मध्ये तो ठाम शिफारशीवरून सौम्य सूचनेपर्यंत उतरला.

सलाईन पुरे झाले की नाही हे ओळखायची एक स्वस्त युक्ती लॅटिन अमेरिकेतल्या २८ रुग्णालयांत तपासली गेली (‘अँड्रोमेडा-शॉक’, २०१९, ४२४ रुग्ण). बोटाच्या टोकावर काचेची स्लाइड दाबून धरायची, कातडी पांढरी पडली की दहा सेकंद तशीच ठेवायची, मग सोडायची. लाली परतायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर रक्ताभिसरण अजून अपुरे. लॅक्टेट मोजत उपचार केलेल्या गटात २८ दिवसांत ४३.४ टक्के मृत्यू झाले, बोट दाबून उपचार केलेल्यांत ३४.९ टक्के. हा फरक सांख्यिकीच्या रूढ कसोटीवर थोडक्यात कमी पडला, पण ज्या ठिकाणी रात्री लॅक्टेटचा रिपोर्ट मिळत नाही तिथे या चाचणीचे मोल मोठे आहे. माळव्यातल्या डिसेंबरच्या रात्री मात्र जपून : गारठलेल्या बोटांत लाली एरवीही उशिराच परतते.

औषधे

ड्रॉट्रेकोजिन अल्फा हे महागडे औषध २००१ मध्ये आले, दहा वर्षे विकले गेले आणि पुढच्या चाचणीत उपयोग न दिसल्याने २०११ मध्ये बाजारातून काढून घेतले गेले. शिरेतून क जीवनसत्त्व देण्याच्या पद्धतीचा २०१७ नंतर मोठा गाजावाजा झाला. २०२२ च्या चाचणीत त्याने नुकसानच होत असल्याचे दिसले. स्टेरॉइडने शॉक लवकर उतरतो, जीव वाचतो की नाही याबद्दल मोठ्या चाचण्यांत एकमत नाही. थोडक्यात, या क्षेत्रातल्या संशोधनाची मोठी कमाई म्हणजे काय करू नये हे कळणे, आणि ती कमी लेखायचे कारण नाही.

अँटिबायोटिकची गोष्ट वेगळी. शॉकमधल्या रुग्णाला ते तासाभरात मिळावे यावर आज एकमत आहे. २००६ च्या एका अभ्यासात रक्तदाब पडल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत दर तासाच्या उशिरामागे वाचण्याचे प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. शॉक नसेल आणि निदानाची खात्री नसेल तर तीन तासांपर्यंत तपासायला वाव आहे. रक्ताचे कल्चर, म्हणजे बाटलीत रक्त घालून जंतू वाढतात का ते पाहणे, औषधाआधी घ्यावे, हा नियम. पण गावातल्या डॉक्टरने आधीच दोन दिवस इंजेक्शने दिलेली असतील तर बाटलीत काही उगवत नाही. उगवले तर ते क्लेब्सिएला किंवा अॅसिनेटोबॅक्टर हे जंतू असण्याची आणि कार्बापेनेम या राखीव अँटिबायोटिकलाही न जुमानण्याची शक्यता भारतीय आयसीयूत मोठी असते. पाश्चात्त्य चाचण्यांतून घेतलेली औषधांची निवड इथे चालत नाही ती त्यामुळे.

शिवाय इथला सेप्सिस दिसायला सारखा असला तरी कारणे निराळी. पावसाळा सरता सरता येणाऱ्या तापाच्या रुग्णांत मलेरिया, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस असतात. स्क्रब टायफसची खूण, म्हणजे काळी खपली, बहुधा काखेत किंवा जांघेत लपलेली असते. कपडे न काढता तपासले तर दिसत नाही आणि दुखत नसल्याने रुग्णही सांगत नाही. याच्या गंभीर रुग्णांवर भारतातल्या सात केंद्रांत झालेली ‘इंट्रेस्ट’ चाचणी (२०२३, ७९४ रुग्ण) सेप्सिसच्या भारतीय संशोधनाचा चांगला नमुना आहे. शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि अॅझिथ्रोमायसिन दोन्ही दिलेल्यांत मृत्यू, लांबलेला ताप किंवा टिकून राहिलेली गुंतागुंत यांपैकी काही घडण्याचे प्रमाण ३३ टक्के होते. एकेकट्या औषधाच्या गटांत सुमारे ४७ टक्के. औषधे दोन्ही जुनी आणि स्वस्त.

संमती

सेप्सिसच्या चाचणीत रुग्णाला विचारायचे म्हटले तर तो बहुधा उत्तर देण्याच्या स्थितीत नसतो, आणि वेळ तासांत मोजली जाते. ब्रिटनमध्ये कायद्याने ठरवलेल्या अटींवर आधी उपचार सुरू करून संमती नंतर घेता येते. ‘फीस्ट’मध्ये पालकांची तोंडी परवानगी घेऊन लेखी संमती मागाहून घेतली गेली. भारतात बेशुद्ध रुग्णाच्या वतीने कायदेशीर प्रतिनिधी सही करतो. त्याला वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. शुद्धीवर आल्यावर रुग्णाला पुन्हा विचारावे, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

हा प्रतिनिधी म्हणजे प्रत्यक्षात आयसीयूच्या दाराबाहेरच्या बाकावर बसलेले कुणीतरी. इंदूरच्या मराठी घरांत मुलगा पुण्याला नोकरीला असणे नित्याचे; बाकावर असतात सून, शेजारचे काका, नाहीतर स्वतः सत्तरीतल्या आजी. सही त्यांची, निर्णय फोनवरून ‘दादाला विचारून’. डॉक्टर कागद वाचून दाखवतात, पण ज्याने खरे ऐकायला हवे त्याला फोनवर अर्धेच ऐकू आलेले असते. नियमांत या फोनला जागा नाही.

२०१२ मध्ये इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने औषधचाचण्यांतल्या गैरप्रकारांबाबत सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. सरकारने न्यायालयाला दिलेल्या माहितीनुसार २००५ ते २०१२ या काळात नव्या औषधांच्या चाचण्यांत २,६४४ जण दगावले होते आणि त्यांपैकी ८० मृत्यूंचा संबंध थेट चाचणीशी जोडला गेला. या दोन आकड्यांमधल्या दरीत अतिदक्षता संशोधनाचा सगळा पेच आहे : जो एरवीही दगावला असता तो औषधाने दगावला की आजाराने, हे एकेका रुग्णापुरते सिद्ध करता येत नाही, दोन गटांची तुलना करूनच दिसते. ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यायालयाने संमतीचे दृक्श्राव्य चित्रण करण्याचा आदेश दिला. पुढे ही सक्ती आटोपशीर झाली. २०१९ च्या नियमांनुसार नव्या रासायनिक औषधाच्या चाचणीत, सहभागी दुर्बल गटातला असेल तर चित्रण करावे लागते. सलाईन कमी द्यायचे की जास्त, असल्या प्रश्नाच्या चाचणीला ही अट लागत नाही, जरी धोका ‘फीस्ट’ने दाखवून दिल्याइतका मोठा असला तरी.

भरपाईचे सूत्रही याच नियमांत आहे. आठ लाख रुपयांच्या मूळ रकमेला वय आणि आजाराची तीव्रता यांनी गुणतात. ६५ वर्षांवरचा निरोगी सहभागी असेल तर ३२ लाख, त्याच वयाचा मरणासन्न रुग्ण असेल तर चार लाख. ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ९० टक्के किंवा अधिक असलेल्या रुग्णासाठी सरसकट दोन लाख. सेप्टिक शॉकचा अत्यवस्थ रुग्ण या शेवटच्या ओळीच्या जवळ येतो, आणि ती शक्यता किती हे ठरवणाऱ्या गुणपद्धती मुख्यतः परदेशी रुग्णांवर बेतलेल्या आहेत.

निष्कर्षांची मोजणी

बहुतेक चाचण्यांत २८ किंवा ९० दिवसांनी कोण जिवंत आहे हे मोजतात. भारतात इथे एक अडचण येते, जिला वॉर्डाच्या बोलीत ‘लामा’ म्हणतात : डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेणे. पैसे संपतात, आशा संपते, किंवा माणूस घरीच जावा अशी इच्छा असते, आणि व्हेंटिलेटरवरचा रुग्ण रुग्णवाहिकेतून खरगोनच्या वाटेला लागतो. रुग्णालयाच्या कागदावर तो मृत नसतो. असे रुग्ण जिवंत धरले तर औषध आहे त्याहून चांगले दिसते, मृत धरले तर बरे होऊन गेलेला एखादा त्यात जातो, आणि वगळले तर ज्यांच्याकडे पैसे होते त्यांचाच अभ्यास उरतो. त्यामुळे भरती करतानाच नातेवाइकांचे दोन-तीन फोन क्रमांक लिहून घ्यावे लागतात आणि २८ व्या दिवशी कुणीतरी ते एकामागून एक लावत बसते.