लाकडी-पितळी कॅमेऱ्याची दुरुस्ती (कोकण किनारा)

लाकडी पेटी, पितळी जोडकाम आणि कातडी किंवा कापडी भाता (भिंग आणि मागची चौकट जोडणारी, घड्यांची मिटणारी नळी) असलेले जुने घडीचे कॅमेरे पुन्हा वापरण्याजोगे करण्याचे काम. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनच्या कोरड्या काचपट्टीची, म्हणजे फोटो उमटवण्यासाठी लेप दिलेल्या काचेची, कल्पना मांडली. पुढे तयार काचा मिळू लागल्या आणि असे कॅमेरे पसरले. उष्ण प्रदेशांसाठी इंग्रज कारखानदार सागवानी कॅमेरे बनवत, सांध्यांवर पितळी पट्ट्या मारत. दमट उष्म्यात सरस सुटतो, हे त्यामागचे कारण.

कोकणात काम दसरा ते शिमगा या काळात करावे. आषाढात लाकूड फुगून सरकता पाट अडकतो, म्हणून कोणी रंधा मारला की माघात तोच पाट खुळखुळतो आणि फटीतून उजेड शिरतो. चपडा लाखेचे पॉलिशही दमट हवेत पांढुरके पडते. सुटलेले सांधे सरसानेच जोडावेत, म्हणजे गरज पडल्यास वाफेने पुन्हा उकलता येतात.

सर्वाधिक नुकसान पितळेचे होते, आणि तेही बहुधा हौसेपोटी. खाऱ्या हवेने हिरवट कळंक चढतो. मग घरात हाताशी असलेली चिंच किंवा आमसूल चोळले जाते. समईला ते चालते. इथे मात्र आंबटपणात पितळ फार वेळ राहिले तर वरच्या थरातले जस्त निघून तांबूस डाग उरतात. शिवाय मूळ लाखेचा मुलामा जातो, घासून घासून कारखान्याचे कोरलेले नावही पुसट होते. भाग सुटे करून कळंक लाकडी काडीने खरवडावा आणि मेणाचा पातळ हात द्यावा. काळपट झाक राहू द्यावी. स्क्रू ज्याच्या त्याच भोकात परत बसवावेत, कारण जुन्या आट्या एकसारख्या नसतात.

अंधाऱ्या खोलीत भात्यात छोटा दिवा ठेवला की घड्यांच्या कोपऱ्यांतली भोके दिसतात. त्यांवर आतून पातळ काळे कापड चिकटवतात. जाड ठिगळाने भाता मिटत नाही. भिंगावरची बुरशी कोवळी असेल तर पुसली जाते, जुनी झाली की काच खाते. त्यामुळे कॅमेरा कातडी पेटीत कोंडू नये, सिलिका जेलसह कोरड्या डब्यात ठेवावा.

काचांऐवजी त्यांच्याच चौकटीत फोटोचा कागद कापून बसवता येतो. त्याची संवेदनशीलता इतकी कमी असते की शटर नसले तरी भिंगाचे झाकण काढून लावण्यावर काम भागते.