खेळाडूंच्या मनावर काम करायचंय? मग तयारी अशी करा

सकाळी पार्क स्टेडियमवर मुलांना सोडायला आलेले पालक असोत की बारावीनंतर आमच्याकडे चौकशीला आलेल्या मुली, प्रश्न एकच असतो: "स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्ट व्हायला कुठला कोर्स करायचा?" एका कोर्सनं हे काम येत नाही, हे आधीच सांगतो. आठवडाभराच्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर समुपदेशनाचा बोर्ड लावू नका. समोर चौदा-पंधरा वर्षांचं पोर बसलेलं असतं.

पाया मानसशास्त्राचाच हवा. सोलापूर विद्यापीठाच्या कॉलेजांत बी.ए.ला हा विषय घेता येतो, पुढे एम.ए. करावंच लागतं. बी.पी.एड. करून आलेल्यांना मैदान उत्तम कळतं, पण मानसशास्त्र मुळापासून शिकावं लागतं. मग जाणत्या मार्गदर्शकाच्या हाताखाली काम. अमेरिकेतल्या 'असोसिएशन फॉर अप्लाइड स्पोर्ट सायकॉलॉजी'च्या सीएमपीसी (सर्टिफाइड मेंटल परफॉर्मन्स कन्सल्टंट) प्रमाणपत्रासाठी पदव्युत्तर पदवी, देखरेखीखालचे 400 तास आणि वर परीक्षा, एवढं लागतं. इथे काम करणाऱ्यानंही तेवढीच तयारी ठेवावी, असं आमचं ठाम मत आहे.

आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांना पहिले सहा आठवडे खेळाडूला एकही सल्ला द्यायची मुभा नसते. मैदानाच्या कडेला बसायचं आणि वहीत लिहायचं. खो-खोच्या सरावातली एक नोंद पाहा: 'खो मिळायच्या आधीच उठली. फाऊल, शिट्टी. पुढचे तीनही खो मिळाल्यावर उशिरा उठली. तिन्ही वेळा आधी सरांकडे पाहिलं.' यात 'आत्मविश्वास कमी' असा शेरा कुठेच नाही, म्हणून ही नोंद कामाची. शिट्टीनंतर तिची नजर सरांकडे जाते, एवढं कळलं की पुढचं सुचतं: एक लांब श्वास सोडायचा, नजर पळणाऱ्या गड्यावर आणायची आणि कान पाठीमागच्या 'खो'वर ठेवायचा. हे तिच्याबरोबर रोजच्या सरावात घोटून घ्यावं लागतं. केबिनमध्ये बसून समजावल्यानं सामन्यात काही आठवत नाही.

आपली हद्दही शिकावी लागते. वजन उतरवण्यासाठी एखादा पैलवान चोरून उपाशी राहत असेल, मुलीची झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कानावर आली असेल, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवायचं. उपचाराचं काम त्यांचं.

आणखी एक अवघड गोष्ट. फी वडील देतात, विचारायला प्रशिक्षक येतात, बोलतो मात्र खेळाडू. कुणाला काय सांगणार आणि काय नाही, हे पहिल्याच बैठकीत तिघांसमोर ठरवून घ्यायचं. जिवाला धोका असेल तर गुप्तता राहणार नाही, हेही तिथेच सांगायचं.

आम्ही पदवी देत नाही. एम.ए.ला असलेल्यांना मैदानावरचा सराव आणि देखरेख देतो. पहिली भेट विनाशुल्क आहे. येताना गुणपत्रिका आणा, आणि तुम्ही स्वतः पाहिलेल्या एखाद्या सामन्याबद्दल पानभर लिहून आणा. आम्ही आधी ते पान वाचू.