पृथ्वी का तापते? वर्गातलं हमखास चुकणारं उत्तर

नववी-दहावीच्या वर्गात ‘पृथ्वी का तापते आहे?’ असं विचारलं, की एक उत्तर हमखास येतं: ओझोनच्या थराला भोक पडलंय, तिथून ऊन जास्त येतं. अनेक देशांतल्या शिक्षण-संशोधकांना मुलांच्या बोलण्यात हाच गोंधळ सापडला आहे. दोन खऱ्या गोष्टी मुलांनी एकमेकींत मिसळलेल्या असतात. ‘चूक’ म्हणून पुढे गेलं तर तो गोंधळ तसाच राहतो.

ओझोनचा थर विरळ झाला तो मुख्यतः फ्रिज-एसीत पूर्वी वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंमुळे. १९८७च्या माँट्रियल करारानं त्या वायूंवर बंधनं आली आणि थर आता हळूहळू सावरतो आहे. तापमान मात्र चढतंच आहे! मुख्य कारण वेगळं आहे, हे इथंच मुलांच्या लक्षात येतं. कार्बन डायऑक्साइड येणारं ऊन फारसं अडवत नाही. तापलेल्या जमिनीतून वर निघणारी अवरक्त उष्णता तो शोषतो आणि तिचा काही भाग परत खाली पाठवतो. कोळसा आणि तेल जाळून आपण हाच वायू हवेत वाढवत आहोत.

समुद्राची पातळी कशी वाढते, हे तर फळ्यावर सांगूच नये, करून दाखवावं. दोन सारखे काचेचे पेले घ्या. एकात पाण्यावर बर्फ तरंगू द्या. दुसऱ्यात पाण्याबाहेर डोकावणारा दगड ठेवून बर्फ त्या दगडावर ठेवा. दोन्हीकडे पाण्याच्या रेषेवर पेननं खूण करा. बर्फ वितळल्यावर पहिल्या पेल्यात पाणी खुणेवरच राहतं, दुसऱ्यात वर चढतं. आर्क्टिक समुद्रावर तरंगणारा बर्फ पहिल्या पेल्यातला, ग्रीनलंडच्या जमिनीवरचा दुसऱ्यातला. ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला, तर जगभर समुद्र सुमारे ७ मीटर चढेल. ‘सगळा म्हणजे किती वर्षांत?’ असं कुणीतरी विचारतंच. वितळण्याच्या वेगाची चर्चा तिथूनच सुरू करावी.

मग आलेख. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत १९५८पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. तेव्हा तो दशलक्ष भागांत सुमारे ३१५ भाग होता, आता ४२०च्याही वर गेला आहे. ही आकडेवारी इंटरनेटवर फुकट मिळते. मुलांनी ती स्वतः आलेखवहीत मांडावी. रेघ चढत जाते, पण दरवर्षी करवतीच्या दात्यासारखी वरखालीही होते.

मला वाटतं, खरी अडचण परीक्षेत आहे. ‘जागतिक तापमानवाढीचे परिणाम लिहा’ या प्रश्नाला पाठ केलेले पाच मुद्दे पुरतात. त्याऐवजी हाच आलेख छापावा आणि विचारावं: दरवर्षी मे महिन्यात रेघ सर्वांत वर का असते आणि त्यानंतर खाली का येते? उत्तर गोलार्धातली जंगलं पानांनी भरतात आणि हवेतला कार्बन ओढून घेतात, हे ज्या मुलीनं स्वतः शोधून लिहिलं, तिला पूर्ण गुण द्यावेत.