बोटांना दिसणारी बटणं

जर्मनीत उत्तर समुद्राच्या काठावर एम्डेन हे बंदराचं शहर आहे. तिथल्या फोक्सवॅगनच्या कारखान्यात 1977 पासून कित्येक वर्षं पसाट गाडी तयार व्हायची. आता पसाट स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाला हलली आहे. युरोपात ती आता सेडान म्हणून मिळतच नाही, फक्त मागे लांब छप्पर असलेल्या इस्टेट रूपात मिळते. एम्डेनमध्ये तयार होते ती विजेवर चालणारी आयडी.7. सगळं जग एसयूव्हीच्या मागे धावत असताना 2023 साली कंपनीने ही लांब, बसकी सेडान आणली. हा निर्णय मला मनापासून पटतो.

त्यामागे हवेचं गणित आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी 60 किलोमीटरवरून 120 वर गेलात की विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती आठपट. शहरात वेग कमी करताना मोटरच जनित्र बनते आणि थोडी ऊर्जा बॅटरीत परत येते. हवा ढकलण्यात गेलेली ऊर्जा मात्र कायमची गेली. त्यामुळे महामार्गावर विजेच्या गाडीचा पल्ला बराचसा तिच्या आकारावर ठरतो. आकार हवेला किती अडतो ते रोध गुणांक सांगतो. फोक्सवॅगनच्याच आयडी.4 या विजेच्या एसयूव्हीचा रोध गुणांक 0.28 आहे, आयडी.7 चा 0.23. शिवाय सेडान बुटकी असल्याने समोरून हवेला भिडणारं क्षेत्रफळही कमी, आणि या दोन्ही गोष्टींचा गुणाकार होतो. म्हणूनच 77 किलोवॅट-तासांच्या बॅटरीवर ही मोठी गाडी युरोपीय चाचणीत 621 किलोमीटरपर्यंत जाते.

मग सगळेच सेडान का बनवत नाहीत? ग्राहकांची आवड हे एक कारण झालंच, पण दुसरं कारण पायाखाली आहे. फोक्सवॅगनच्या विजेच्या गाड्यांचा जो एमईबी नावाचा सामाईक सांगाडा आहे, त्यात बॅटरी दोन्ही आसांच्या मधे, जमिनीलगत सपाट पसरलेली असते आणि मुख्य मोटर मागच्या आसावर. पुढे इंजिन नाही, मजल्यात मधे बोगद्याचा उंचवटा नाही. विजेवरची छोटी आयडी.3 आणि इंजिनवाली गोल्फ लांबीला जवळपास सारख्या, पण आयडी.3 च्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर सुमारे 13 सेंटिमीटरने जास्त आहे. ती जागा बसणाऱ्यांना मिळते. मात्र बॅटरीच्या जाडीने मजला वर येतो. उंच एसयूव्हीत ते खपून जातं. सेडानमध्ये एक तर छत वाढवा, नाहीतर माणसाला गुडघे वर करून बसवा. आयडी.7 ची उंची 1.54 मीटर आहे, सेडानसाठी बरीच. लांब, मागे उतरत गेलेल्या छतामुळे ती उंची डोळ्यांना आणि हवेलाही फारशी बोचत नाही.

इतका बारकाईने विचार करणारी हीच कंपनी गाडीच्या आत चुकली.

प्रत्येक बटणाला साचा लागतो, तार लागते, वेगळी चाचणी लागते. स्क्रीनवरचं चित्र सॉफ्टवेअरने बदलता येतं. त्यामुळे आयडी.3 मध्ये आवाज आणि तापमान यांसाठी स्पर्शपट्ट्या आल्या, आणि सुरुवातीच्या गाड्यांत त्यांना दिवाही नव्हता. रात्री त्या शोधायच्या कशा? चालकाच्या दारावर काचांची दोनच बटणं. मागच्या काचा हव्या असतील तर आधी एका स्पर्शखुणेवर बोट ठेवायचं. आयडी.7 मध्ये पट्ट्यांना उजेड मिळाला, पण एसीच्या झडपांची दिशाही स्क्रीनमधून ठरवावी लागते. झडप बोटाने वळवण्यात कुणाला काय त्रास होता?

स्पर्शपट्टी बोटाच्या विद्युत प्रभावातला बदल मोजते. तिथे काहीच हलत नाही, त्यामुळे बोटाला काही कळतही नाही. बटणाचं तसं नाही. आधी त्याची कड लागते, मग दाब जाणवतो, मग खटका. आपला हात कुठे आहे हे स्नायू आणि सांध्यांतल्या संवेदना मेंदूला सांगत असतात. घरातल्या दिव्याचं बटण अंधारातही सापडतं ते त्यामुळेच. काचेवर ही जाण निरुपयोगी ठरते आणि तिचं काम डोळ्यांवर पडतं. ताशी 100 किलोमीटर वेगात दोन सेकंद नजर हटली तर गाडी 55 मीटर पुढे गेलेली असते. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा प्रशासनाने 2013 मध्ये एका वेळी रस्त्यावरून नजर हटवण्याची मर्यादा सुचवली ती हीच, दोन सेकंदांची.

2022 साली ‘वी बिलेगारे’ या स्वीडिश मासिकाने ताशी 110 किलोमीटर वेगात चालकांना रेडिओ, तापमान अशी चार नेहमीची कामं करायला लावली. 2005 सालच्या बटणांच्या व्होल्वो व्ही70 मध्ये ती 10 सेकंदांत झाली. स्क्रीनवाल्या एमजी मार्व्हल आरमध्ये 44.9 सेकंद लागले. तेवढ्यात गाडीने 1,372 मीटर कापले होते. शिवाय चालकांना सरावासाठी आधी वेळही दिला होता.

फोक्सवॅगन आता मागे फिरते आहे. 2024 च्या सुधारित गोल्फच्या स्टिअरिंगवर खरी बटणं परतली. आवाज, दोन्ही बाजूंचं तापमान, पंखा आणि धोक्याचे दिवे यांना पुढच्या गाड्यांत प्रत्यक्ष बटणं असतील, असं डिझाइनप्रमुख आंद्रेआस मिंट यांनी 2025 मध्ये जाहीर केलं. गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनेही 2026 च्या गुणांकनात इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे आणि आपत्कालीन कॉल यांच्या थेट बटणांना वजन दिलं आहे.

एसी मात्र त्या यादीत नाही. आपल्या चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगनची व्हर्टस आणि तिच्याच समूहातल्या स्कोडाची स्लाव्हिया या सेडान 2022 मध्ये बाजारात आल्या, तेव्हा त्यांच्या महागड्या श्रेणींत एसीला स्पर्शपट्टी होती आणि स्वस्त श्रेणींत फिरवायच्या गोल खुंट्या. मे महिन्याच्या उन्हात एसी वाढवण्यासाठी हात किती वेळा पुढे जातो, ते इथल्या प्रत्येक चालकाला ठाऊक आहे. पुढच्या पिढीत त्या खुंट्या वरच्या श्रेणींतही दिसायला हव्यात.