वीज गेल्यावर फ्रीझरमधला बर्फ काय करतो?

अमुक ग्रहांची युती आहे, म्हणून तमुक तारखेला मोठा भूकंप होणार, असे संदेश मोबाइलवर अधूनमधून फिरतात. भूकंपाची नेमकी तारीख, वेळ आणि जागा आधी सांगण्याची पद्धत आज विज्ञानाकडेही नाही. ज्योतिषाकडे असण्याचा प्रश्नच येत नाही. वादळाची सूचना निदान काही दिवस आधी मिळते, भूकंपाची नाही. तयारी म्हणूनच घरात कायम हवी. फ्लॅटमध्ये तर हवीच, कारण वीज गेली की लिफ्टबरोबर पाण्याचा पंपही बंद पडतो आणि गच्चीवरची टाकी संपली की नळ कोरडे. माणशी रोजचे ३-४ लिटर पाणी, टॉर्च, औषधे, पॉवर बँक ही यादी बहुतेकांना ठाऊक असते. फ्रीझर त्या यादीत नसतो, आणि मला सगळ्यात विलक्षण तोच वाटतो.

फ्रीझरमधल्या रिकाम्या जागेत पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या गोठवून ठेवा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, म्हणून बाटली काठोकाठ भरू नका. आता शाळेतला अप्रकट उष्मा आठवा. ० अंशाचा १ किलो बर्फ वितळून ० अंशाचेच पाणी व्हायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत ते पाणी पुढे ८० अंशांपर्यंत तापले असते! ही सगळी उष्णता स्फटिकातल्या रेणूंची घट्ट रचना मोडण्यात खर्च होते, म्हणून वितळताना तापमान जागचे हलत नाही. याउलट रिकाम्या जागेतली १ लिटर हवा १ अंशाने तापायला दीड ज्यूलही लागत नाही.

समजा, फ्रीझरच्या भिंतींतून ३० वॅट उष्णता आत झिरपते आहे, म्हणजे सेकंदाला ३० ज्यूल. १ किलो बर्फ ती सुमारे ३ तास पचवतो. एकेक लिटरच्या ६ बाटल्या १८ तास. भरलेला फ्रीझर दार न उघडता साधारण ४८ तास टिकतो, अर्धा भरलेला २४ तास, तो यामुळेच. फ्रिजच्या न गोठवणाऱ्या, खालच्या कप्प्यातले अन्न मात्र ४ तासच सुरक्षित धरावे.

इथे एक खुबी आहे. गोठवलेले अन्न ० अंशाच्या थोडे आधीच सैल पडू लागते, म्हणजे साधा बर्फ मदतीला जरा उशिरा येतो. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवले तर त्याचा गोठणबिंदू उणे ३ अंशांच्या आसपास उतरतो. असा बर्फ एका ठरावीक तापमानाला न थांबता उणे ३ च्या बराच खालून हळूहळू वितळत येतो आणि आपला बहुतेक अप्रकट उष्मा अन्न सैल पडण्याआधीच शोषून घेतो. दोन-तीन बाटल्या अशा करा, त्यांवर ठळक खूण करा. बाकीच्या साध्या ठेवा, वितळल्यावर त्यांचे पाणी पिता येते.

वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवून द्या. तुम्ही बाहेरगावी असताना वीज जाऊन आली आणि नाणे तळाशी गोठलेले दिसले, तर बर्फ मधे पूर्ण वितळला होता; मांस, मासे, दुधाचे पदार्थ टाकून द्या. इन्सुलिन थंड ठेवताना ते बर्फाला थेट टेकू देऊ नका. गोठलेले इन्सुलिन निकामी होते, आणि ते पुन्हा वितळले तरी वापरायचे नसते.