रात्री दहाची कॉफी सकाळी आठला कुठे असते?

ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी, कोपरी अशा भागांत अभ्यासिकांची वाण नाही. महापालिकेच्या चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेमुळे स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांचा या शहरात जुना राबता आहे. त्यात आता नीट, जेईई आणि सीएच्या मुलांची भर पडली आहे. रात्री साडेनऊ-दहाला ही मुलं अभ्यासिकेतून खाली उतरतात, टपरीवर कटिंग किंवा कॉफी घेतात आणि पुन्हा वर जाऊन एक-दीडपर्यंत बसतात. कॉफी घेतली की दोन तास जास्तीचे मिळतात, हा हिशेब प्रत्येकाला पाठ असतो. त्या दोन तासांत वाचलेलं दुसऱ्या दिवशी किती आठवतं, हा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडतं.

कॉफी चांगली की वाईट या वादात मला फारसा रस नाही. निरोगी तरुणाला दिवसाला दोन कप कॉफीने काही होत नाही. विद्यार्थ्याच्या बाबतीत विचारायचा प्रश्न आहे तो कप किती वाजता घेतला, हा. तो का, हे समजायचं तर आधी झोप कशी येते ते बघावं लागेल.

सकाळी जाग आल्यापासून मेंदूतल्या पेशी ऊर्जा खर्च करत राहतात आणि त्या खर्चातून अ‍ॅडेनोसिन नावाचा रेणू हळूहळू साठत जातो. पेशींच्या पृष्ठभागावर या रेणूसाठी ठरावीक जागा असतात, त्यांना ग्राही म्हणतात. अ‍ॅडेनोसिन तिथे जाऊन बसला की पेशीचं काम मंदावतं. जितक्या जास्त जागा भरतील तितकी पेंग जास्त. रात्री गाढ झोपेत साठलेला अ‍ॅडेनोसिन ओसरतो आणि सकाळी आपण ताजे उठतो. कॅफिनच्या रेणूची ठेवण अ‍ॅडेनोसिनशी मिळतीजुळती आहे, त्यामुळे तो त्याच जागा अडवतो, पण पेशीला मंद करत नाही. ठाणे लोकलमध्ये सीटवर रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच हे. रुमाल स्वतः प्रवास करत नाही, पण ज्याला बसायचं आहे त्याला उभं ठेवतो. गर्दी मात्र तेवढीच राहते, उलट वाढत जाते. कॅफिन उतरलं की ताटकळलेला सगळा अ‍ॅडेनोसिन एकदम जागा घेतो, आणि दुपारी तीनच्या लेक्चरला डोळे आपोआप मिटायला लागतात त्यात याचाही वाटा असतो.

म्हणजे कॉफीतून ऊर्जा मिळत नाही. थकवा जिथल्या तिथे असतो, त्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचत नाही इतकंच. फ्रीडलीब रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ मध्ये कॉफीच्या बियांतून कॅफिन वेगळं काढलं. त्या बिया त्याला प्रयोगासाठी कवी ग्योथने दिल्या होत्या. ते मेंदूत नेमकं काय करतं हे उलगडायला मात्र पुढे दीडशेहून जास्त वर्षं जावी लागली.

आता वेळेचा हिशेब. पोटात गेलेलं कॅफिन साधारण अर्ध्या ते एका तासात रक्तात सर्वोच्च पातळीला पोचतं. नंतर यकृत ते मोडायला घेतं. निम्मं मोडायला निरोगी प्रौढाला सरासरी पाच तास लागतात. समजा, रात्री दहाला दोन कप इन्स्टंट कॉफी घेतली आणि त्यातून १२० मिलीग्रॅम कॅफिन मिळालं. रात्री तीनला शरीरात ६० मिलीग्रॅम उरतं, सकाळी आठला ३०. हे ३० मिलीग्रॅम म्हणजे एक कडक कटिंग. रात्रभर झोपून उठल्यावरही काल रात्रीचा एवढा ऐवज अंगात शिल्लक असतो आणि झोप या सगळ्या काळात त्याच्याशी झगडत असते.

पाच तास ही सरासरी झाली. कोणाचं यकृत दोन तासांत निम्मं कॅफिन उरकतं, तर कोणाला नऊ तास लागतात. हा फरक बराचसा आनुवंशिक आहे. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे हा काळ जवळजवळ दुप्पट होतो. सिप्रोफ्लॉक्सासिन हे आपल्याकडे सर्रास लिहून दिलं जाणारं प्रतिजैविकही कॅफिन मोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतं. त्या औषधाच्या दिवसांत नेहमीचीच कॉफी घेऊन छाती धडधडली तर त्यात नवल नाही. म्हणून ‘माझ्या मित्राला रात्री अकराला कॉफी पिऊनही मस्त झोप लागते’ हा युक्तिवाद तुमच्या शरीराला लागू होईलच असं नाही.

शिवाय त्या मित्राला खरंच मस्त झोप लागते का, हेही तपासायला हवं. अमेरिकेत डेट्रॉइट इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये १२ निरोगी प्रौढांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. झोपण्याच्या वेळी, झोपण्याआधी तीन तास आणि सहा तास अशा वेगवेगळ्या वेळांना त्यांना ४०० मिलीग्रॅम कॅफिन दिलं आणि झोप यंत्राने मोजली. सहा तास आधी घेतलेल्या कॅफिननेही झोप तासाभराहून जास्त घटली. मात्रा मोठी होती, हे मान्य. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: सहा तास आधी कॅफिन घेतलेल्यांना आपली झोप एवढी कमी झाल्याचं स्वतःला नीट जाणवलंच नव्हतं.

झोप कमी झाली तर एवढं काय बिघडतं, असं दहावी-बारावीची मुलं विचारतात आणि पालकही ‘हीच तर वर्षं आहेत कष्टाची’ म्हणत दुजोरा देतात. बिघडतं ते असं. दिवसा वाचलेलं आधी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात तात्पुरतं नोंदलं जातं. रात्री गाढ झोपेत त्या नोंदी पुन्हा उजळल्या जातात आणि मेंदूच्या बाह्य पटलात पक्क्या बसतात. ही गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या काही तासांत असते. कॅफिन नेमकी तीच उथळ करतं. रात्री दहा ते बारा रासायनिक अभिक्रिया पाठ करायच्या आणि त्यासाठी घेतलेल्या कॉफीने त्या पक्क्या करणाऱ्या झोपेलाच धक्का लावायचा, असा हा व्यवहार होतो. अभ्यास करणाऱ्या मुलाचं याहून मोठं नुकसान कोणतं, ते मला सुचत नाही.

यावर एक संशोधन नेहमी पुढे केलं जातं, आणि ते खरंही आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २०१४ मध्ये असं दिसलं की चित्रं पाहिल्यानंतर २०० मिलीग्रॅम कॅफिन घेतलेल्यांना दुसऱ्या दिवशी सारखी पण तंतोतंत तीच नसलेली चित्रं वेगळी ओळखायला जास्त चांगलं जमलं. यातून ‘कॉफीने स्मरणशक्ती वाढते’ असे मथळे झाले. पण हे लोक रोज कॅफिन घेणारे नव्हते, आणि प्रयोग होता चित्रं ओळखण्याचा. रोज तीन कप पिऊन रात्री पाच तास झोपणाऱ्या मुलाला तो निष्कर्ष तसाच्या तसा चिकटवता येत नाही. उलट २००८ मध्ये सारा मेडनिक आणि सहकाऱ्यांनी दुपारची झोप आणि २०० मिलीग्रॅम कॅफिन यांची थेट तुलना केली. शब्द आठवण्यात तास-दीड तास झोपलेले लोक कॅफिनवाल्यांपेक्षा सरस ठरले. बोटांच्या हालचाली शिकण्याच्या कामात तर कॅफिन घेणारे बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांच्याही मागे पडले.

मिशिगन स्टेट विद्यापीठाचा २०२१ चा प्रयोग गणिताच्या विद्यार्थ्यांनी जरूर लक्षात घ्यावा. काही लोकांना रात्रभर जागं ठेवलं आणि सकाळी कॅफिन दिलं. साध्या लक्ष ठेवण्याच्या कामात ते सावरले. पण ठरलेल्या क्रमाने, कुठे होतो ते लक्षात ठेवून एकेक पायरी करत जाण्याच्या कामात बहुतेकांना कॅफिनचा काहीच उपयोग झाला नाही. जेईईचं एखादं लांबलचक उदाहरण सोडवणं हे दुसऱ्या प्रकारचं काम आहे. डोळे उघडे, पेन चालू, आणि चौथ्या पायरीवर चिन्ह चुकलेलं, ही अवस्था अनेकांच्या ओळखीची असेल.

यात आणखी एक फसवणूक आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००३ च्या अभ्यासात सलग १४ दिवस रोज सहाच तास झोप मिळालेल्यांची कामगिरी एक रात्र अजिबात न झोपलेल्या माणसांइतकी घसरली. त्यांना स्वतःला मात्र ‘आपण बऱ्यापैकी ठीक आहोत’ असंच वाटत होतं. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. वाशीच्या क्लासला ऐरोलीहून किंवा ठाण्याहून सकाळची ट्रान्स-हार्बर लोकल पकडणाऱ्या मुलाचं गणित मांडून पाहा. साडेपाचला उठायचं तर रात्री साडेनऊलाच झोपायला हवं. हे जवळपास अशक्य आहे, याची मला जाणीव आहे. म्हणून तर जी झोप हाताशी आहे ती तरी धड मिळावी, असं तळमळीने वाटतं.

मग रोज पिणाऱ्यांना सकाळच्या कॉफीने तरतरी येते ती कसली? मेंदू गप्प बसत नाही. जागा सतत अडवल्या गेल्या की तो अ‍ॅडेनोसिनसाठी नव्या जागा तयार करतो. मग तेवढ्याच परिणामासाठी जास्त कॅफिन लागतं आणि एक दिवस चुकला की डोकं ठणकायला लागतं. ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये ३७९ जणांना १६ तास कॅफिनपासून दूर ठेवून मग कोणाला कॅफिन, कोणाला बिनऔषधी गोळी दिली. नेहमी भरपूर पिणारे कॅफिननंतर जेमतेम त्या पातळीला आले, जिथे कमी पिणारे लोक काहीच न घेता होते. सवयीच्या माणसाची सकाळची तरतरी बरीचशी आदल्या दिवसाची तूट भरण्यात जाते.

प्रमाणाचं थोडक्यात सांगते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेनुसार १५० मिलिलीटर उकळलेल्या किंवा फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिलीग्रॅम, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलीग्रॅम कॅफिन असतं. कटिंग म्हणजे त्या चहाच्या निम्मं. दिवसाची मर्यादा ३०० मिलीग्रॅम. किशोरवयीन मुलांसाठी युरोपीय अन्नसुरक्षा संस्था वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३ मिलीग्रॅम सांगते, म्हणजे ४५ किलोच्या मुलीला दिवसाला १३५.

या हिशेबात एनर्जी ड्रिंकचा कॅन आणला की चित्र पालटतं. भारतात अशा पेयांत लिटरमागे ३०० मिलीग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, म्हणजे २५० मिलिलीटरच्या कॅनमध्ये ७५ पर्यंत. त्यावर ‘मुलांसाठी योग्य नाही’ अशी सूचना बारीक अक्षरांत असते. थंड आणि गोड असल्याने तो दोन मिनिटांत संपतो, आणि अनेक कॅनमध्ये पाच चमच्यांवर साखर असते. जुलै २०२४ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनची पेयं विकण्यावर बंदी आणू असं विधान परिषदेत सांगितलं होतं. शाळकरी मुलांच्या हातात हा कॅन असूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. चहा-कॉफीतले टॅनिनसारखे घटक डाळी-भाज्यांतलं लोह आतड्यात नीट शोषलं जाऊ देत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाने थकवा येतो, थकव्यावर चहा घेतला जातो, आणि तो पोळीभाजीच्या डब्याबरोबरच घेतला तर लोह आणखी कमी मिळतं. जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळा, असं तीच मार्गदर्शिका सांगते. सतत दमायला होत असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं.

मग कॉफी घ्यायचीच कधी? रात्री अकराला झोपणाऱ्याने दुपारी दोन-तीननंतर नको. दुपारच्या पेंगेवर पंधरा-वीस मिनिटांची डुलकी उत्तम. डुलकीच्या आधी लगेच अर्धा कप घेतला तर कॅफिन चढायला लागण्याच्या सुमारास जाग येते, आणि दोन्हींचा मिळून फायदा होतो. वाहनचालकांवरच्या प्रयोगांत हे दिसलेलं आहे.

परीक्षेच्या दिवशी नवं काही करू नये. ज्याला सवय नाही त्याने त्याच दिवशी पहिली कॉफी पिऊन धडधड, हात थरथरणं ओढवून घेऊ नये. काहींना कॉफीने शौचाची भावना होते, आणि नीटच्या केंद्रावर दुपारी दीडला फाटक बंद झाल्यावर ती अडचण छोटी राहत नाही. ज्याला रोजची सवय आहे त्याने मात्र त्या सकाळी ती तोडू नये. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होते आणि एक-दोन दिवसांत ती शिगेला पोचते. कमी करायचं असेल तर परीक्षेच्या तीन-चार आठवडे आधी सुरुवात करावी. आधी रात्रीचा कप बंद, मग संध्याकाळचा अर्धा, दर चार-पाच दिवसांनी थोडं थोडं. डोकं दुखलंच तर तो त्रास साधारण दोन ते नऊ दिवसांत ओसरतो. एवढं करूनही छातीत धडधड, सततची धास्ती किंवा झोप न लागणं आठवड्याहून जास्त टिकलं, तर त्याचं खापर कॉफीवर फोडून थांबू नये, डॉक्टरांना दाखवावं.