पाणी आलं की प्रिझर्वेटिव्ह आलं

घरगुती लोशनच्या कृतीत शेवटी एक ओळ हमखास असते: ‘टिकण्यासाठी व्हिटॅमिन ईचे चार थेंब घाला.’ थेंब घालायला हरकत नाही, पण लोशन त्याने टिकत नाही. व्हिटॅमिन ई तेल खवट होणं लांबवतं, एवढंच. बॅक्टेरिया आणि बुरशीच्या वाटेला ते जात नाही.

सगळा प्रश्न पाण्याचा आहे. नुसतं तेल, मेण आणि शिया बटर यांच्या बाममध्ये जंतूंना वाढायला पाणीच नसतं. तो प्रिझर्वेटिव्हशिवाय, म्हणजे जंतूंची वाढ रोखणाऱ्या घटकाशिवाय चालतो, फक्त ओली बोटं त्यात बुडवायची नाहीत. लोशनमध्ये मात्र सहसा निम्म्याहून जास्त पाणी असतं. त्यात कोरफडीचा गर घातला की जंतूंची खाण्याचीही सोय झाली. पाणी उकळून घेतलं तरी भांडं, हवा आणि आपली बोटं आहेतच.

‘वास येत नाही, म्हणजे चांगलं आहे’ हा निकष कुचकामी आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या आंतरराष्ट्रीय मानकात ग्रॅममागे 1000 सूक्ष्मजीवांची मर्यादा आहे. लहान मुलांच्या आणि डोळ्यांभोवतीच्या उत्पादनांसाठी ती 100 आहे. साधं पाणी गढूळ दिसायलाही मिलिलिटरमागे लाखो-कोटी जीवाणू लागतात, मग पांढऱ्या लोशनमध्ये काय दिसणार? आणि ‘स्यूडोमोनास’सारखा जीवाणू डोळ्यात किंवा चिरलेल्या त्वचेत गेला, तर प्रकरण गंभीर होऊ शकतं.

बरं, प्रिझर्वेटिव्ह घातलं की झालं, असंही नाही. सोडियम बेंझोएटचं उदाहरण घ्या. जंतूंच्या पेशीत शिरून काम करतं ते त्यातून तयार होणारं, विद्युतभार नसलेलं बेंझॉइक आम्ल. पीएच म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी, तितकं मिश्रण जास्त आम्ल. पीएच 4.2 असताना बेंझोएटचा निम्मा भाग या रूपात असतो, पीएच 5.2 ला जेमतेम 9 टक्के आणि 6.2 ला फक्त 1 टक्का. म्हणजे मोजून-मापून घातलेलं बेंझोएट पीएच न तपासल्यामुळे जवळजवळ वाया जातं. पीएचची पट्टी बुडवायची आणि गरजेप्रमाणे सायट्रिक आम्लाचं द्रावण थेंबाथेंबाने घालत 5 च्या खाली यायचं. हे कंटाळवाणं काम टाळता येत नाही. फिनॉक्सीइथेनॉल हे दुसरं प्रिझर्वेटिव्ह पीएचच्या बाबतीत एवढं नखरेल नाही. युरोपात त्याची कमाल मर्यादा 1 टक्का आहे. 100 ग्रॅम लोशनला 1 ग्रॅम. चमच्याने ते मोजू नये, त्यासाठी 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवा.

पॅराबेन या प्रिझर्वेटिव्हचं नाव काढलं की लोक दचकतात. 2004 साली स्तनाच्या गाठींच्या 20 नमुन्यांत पॅराबेन आढळल्याचा अभ्यास आला आणि धास्ती वाढली. पॅराबेनमुळे कर्करोग होतो, असं त्या अभ्यासाने सिद्ध केलं नव्हतं. निरोगी ऊतींशी तुलनाही त्यात नव्हती. पण अनेक उत्पादनांतून पॅराबेन गेलं आणि काही ठिकाणी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे प्रिझर्वेटिव्ह आलं. त्याने इतक्या जणांना अ‍ॅलर्जी झाली, की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने 2013 साली त्याला ‘अ‍ॅलर्जन ऑफ द इयर’, म्हणजे वर्षातला अ‍ॅलर्जी आणणारा घटक ठरवलं. त्याच संघटनेने 2019 साली पॅराबेनला ‘नॉन-अ‍ॅलर्जन’, म्हणजे अ‍ॅलर्जी न आणणारा घटक म्हणून निवडलं! काही पॅराबेनांवर युरोपात बंदी आहे हे खरं, पण मिथाइल आणि इथाइल पॅराबेन ठरलेल्या मर्यादेत तिथे आजही चालतात.

प्रिझर्वेटिव्ह नकोच असेल, तर बाम करावा. लोशनच हवं असेल, तर दोन-तीन दिवसांपुरतं करून फ्रिजमध्ये ठेवावं आणि उरलेलं सरळ टाकून द्यावं. थंडीने जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाही.